पोट कमी करणारी सुई? जरा थांब भाऊ!

कुणाची पोलीस भरतीची तयारी, कुणाची खेळाची, तर कुणाच्या घरी लग्नाची बोलणी सुरू. त्यातून गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर कामठीतच, म्हणजे फौजी फिटनेस लहानपणापासून डोळ्यांसमोर. जिमला जायला इतकी कारणं पुरेशी आहेत. दोन महिन्यांत दंड भरतात, पण पोट काही हलत नाही. मग कुणीतरी मोबाइल पुढे करतो, "पेप्टाइड आहे भाऊ. रोज एक सुई, पोट गायब!" अशा पेप्टाइडच्या गर्दीत एक नाव असतं टेसामोरेलिन.

नाव खरं आहे, औषधही खरं आहे. पण ते तुमच्यासाठी आहे का?

मूळ पेशंट कोण?

एचआयव्हीच्या औषधांनी लाखो जीव वाचवले. आपल्याकडे 1 एप्रिल 2004 पासून सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळू लागली. मात्र उपचार घेणाऱ्या काहींचे गाल बसायचे, हातपाय सुकायचे आणि पोटात चरबी साठायची. याला लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. आजार लपवावा लागणाऱ्या समाजात चेहराच सगळं सांगून टाकायचा. काहीजण त्या धास्तीने गोळ्या सोडायचे.

टेसामोरेलिन अशा पेशंटसाठी आहे. अमेरिकेत 2010 मध्ये त्याला मंजुरी मिळाली, तीही फक्त याच कारणासाठी. 44 अमिनो आम्लांची ही साखळी मेंदूच्या एका निरोपाची नक्कल करते. 'ग्रोथ हॉर्मोन सोड' असा तो निरोप पियुषिका ग्रंथीला जातो आणि वाढलेलं हॉर्मोन पोटातली चरबी घटवतं.

किती घटवतं? चाचण्यांमध्ये 26 आठवडे रोज सुई टोचल्यावर आतली चरबी सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास उतरली. वजनात मात्र फारसा फरक पडला नाही. सुई थांबली, की चरबी परत आली. वजन कमी करण्यासाठी हे औषध नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय.

धोका कुठे?

या औषधाने रक्तातली साखर वाढू शकते, सांधे दुखतात, हातापायांवर सूज येते. कॅन्सर असलेल्यांना आणि गरोदर बायकांना ते देतच नाहीत. म्हणून डॉक्टर रक्ताच्या तपासण्या करत राहतात. ऑनलाइन मागवलेल्या कुपीत नेमकं काय आहे, हे तरी कोण तपासणार? आणि खेळाडूंनो, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या बंदी यादीत टेसामोरेलिन नावानिशी आहे.

मग आपल्या पोटाचं काय?

याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच होता, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के! दोघांचा फोटो आणि हे आकडे 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दिसायला बारीक, पण आतून चरबीदार, अशी आपल्याकडच्या अनेकांची ठेवण असते. म्हणून फक्त वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका.

चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. यकृत आणि आतड्यांभोवतीची चरबी चिमटीत येत नाही आणि डायबिटीसचं जास्त नातं तिच्याशीच आहे. ती ओळखायला शिवणकामाचा टेप पुरतो. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि बायकांसाठी 80, ही धोक्याची रेघ.

रेघ ओलांडली असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी शुगर तपासून घ्या. नियमित भरभर चालणं, पळणं, सायकल यांनी आतली चरबी उतरते, कधीकधी काटा हलायच्या आधीच. नुसत्या क्रंचेसनी तेवढं होत नाही. तर्री-पोहे सोडू नका, पण त्यावर रोजचा समोसा आणि कोल्ड्रिंक कशाला? आणि रात्री दोनपर्यंत रील्स पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ज्या हॉर्मोनसाठी ही महागडी सुई शोधताय, ते शरीर गाढ झोपेत स्वतःच सोडतं. मोबाइल अकराला बाजूला ठेवून पाहा.