धानाच्या मुलुखातील मेद

एका शहरातील माणसे दुसऱ्या शहरातील माणसांहून अधिक स्थूल असतात काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कुतूहलाचा वाटतो. परंतु मेदाचा संचय हा ज्याच्या त्याच्या जिव्हालौल्याचाच परिणाम असता, तर लोभी आणि संयमी माणसे सर्वत्र सारख्याच प्रमाणात विखुरलेली असल्यामुळे सर्व शहरांची आणि प्रदेशांची सरासरी जवळपास एकच निघाली असती. ती तशी निघत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मधुमेहाविषयी जी विस्तीर्ण पाहणी हाती घेतली, तिच्या पहिल्याच टप्प्यात स्थूल प्रौढांचे प्रमाण झारखंडात शंभरात सुमारे १२, महाराष्ट्रात १७, तमिळनाडूत २५ आणि चंदीगड या जवळजवळ सर्वस्वी नागरी प्रदेशात ३१ आढळले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही देशातील नागरी स्त्रियांपैकी एकतृतीयांश अतिवजनाच्या ठरल्या, तर ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण एकपंचमांशाच्या किंचित आत राहिले. तेव्हा वस्तीचे स्वरूप माणसाच्या देहावर उमटते, हे निर्विवाद आहे. ते कोणत्या मार्गाने उमटते, हे पाहण्यास गोंदिया जिल्ह्याइतके बोलके क्षेत्र मला दुसरे दिसत नाही.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे सव्वातेरा लाख वस्तीचा असून, त्यातील शंभरात सुमारे १७ माणसेच नागरी भागात राहतात. खुद्द गोंदिया शहराची वस्ती तेव्हा एक लाख ३२ हजारांच्या आसपास होती. बाकीचा सारा मुलूख धानाचा, जंगलाचा आणि तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून दप्तरी नोंदल्या गेलेल्या जलाशयांवर येथील शेती शतकानुशतके पोसली गेली. या शेतीत देहाला किती राबावे लागते, याची कल्पना केवळ भात खाणाऱ्याला येणार नाही. पावसाळ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून, घोट्याच्या वर चिखल असलेल्या बांधीत दिवस दिवस कंबरेत वाकून बायांनी रोवणी करायची. पुढे कापणी, भारे बांधणे, चुरणी. आणि धान घरात आल्यावर ते उखळात कांडण्याचे कामही पुन्हा त्यांच्याच माथी. या श्रमांच्या जोडीला ताटात भात असे, हातसडीचा आणि कोंड्याचा काही अंश राखलेला. सोबत धानाच्या ओलीवर घेतलेल्या लाखोळीची डाळ, तलावातील मासळी, पावसाळ्यात तरोट्याची भाजी आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. भाताची रास मोठी असे, पण ती सूर्यास्तापूर्वीच देहाने खर्चून टाकलेली असे.

मुंबई-हावडा लोहमार्गावरचे जंक्शन झाल्यावर गोंदियाचे भाग्य पालटले. व्यापार वाढला, भात गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहराला तांदळाची नगरी हा लौकिक लाभला. गिरणीने कांडणाच्या कष्टातून स्त्रियांची सुटका केली, हा तिचा उपकार मी थोर मानतो, आणि ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणू नये. परंतु त्याच गिरणीने तांदळाचा कोंडा काढून त्याला शुभ्र केले. त्यातील तंतू आणि जीवनसत्त्वे बहुतांशी गेली, पिष्ट तेवढे उरले. शेतावरून दुकानाच्या गादीवर, गादीवरून मोटारसायकलवर आलेल्या माणसाच्या ताटातील भात मात्र घटला नाही. उलट त्यात तेलकट फराळाची आणि साखरेच्या चहाची भर पडली, आणि डाळ, मासळी, रानभाजी यांचा वाटा आक्रसत गेला. दोष भाताचा नाही. श्रम गेले आणि भाताचे जुने सोबती गेले, तेव्हा उरलेल्या पिष्टाचे मेदात रूपांतर होणे हा शरीराचा सरळ हिशेब आहे.

येथवरचे विवेचन ऐकून शहर तेवढे स्थूल आणि खेडे तेवढे निरामय असा समज कोणी करून घेईल, तर तो अपुरा ठरेल, कारण धोका केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या स्थूलतेत नसतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो देहभारांक मिळतो, तो २५ च्या पुढे गेला की माणूस अतिवजनाचा, हा जागतिक दंडक आहे. पण आशियातील लोकांना २३ पासूनच धोका संभवतो, असे तज्ज्ञांचे मत झाले आहे. म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाने ६४ किलोची नव्हे, ५९ किलोची सीमा ध्यानात ठेवावी.

याचे कारण उलगडण्यात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा वाटा फार मोठा आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या अपत्यांचा त्यांनी मागोवा घेतला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो भरले. मात्र या कृश बालकांच्या देहात स्नायू कमी असूनही मेद तुलनेने राखलेला होता. असा देह वरून सडपातळ दिसतो, आणि पोटाभोवती मेद साठवण्याची प्रवृत्ती जन्मतःच घेऊन येतो. रोवणी करणाऱ्या, अर्धपोषित मातेचा मुलगा मोठेपणी शहरात येऊन बैठ्या धंद्यात पडला, तर त्याच्यावर काय ओढवते, हे यावरून कळावे. गोंदियाच्या वाढत्या वस्तीत अशी माणसे थोडी नाहीत.

शिवाय खेडेही आता स्थिर राहिलेले नाही. १९८५ ते २०१७ या काळात जगभर जी सरासरी देहभारांकाची वाढ झाली, तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा ग्रामीण प्रदेशाचा होता, असा निष्कर्ष २०१९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला. मळणीयंत्र, मोटारसायकल आणि पुडीबंद खाद्य जिल्ह्यातील सालेकसा-देवरी तालुक्यांपर्यंत पोहोचले आहे. शहरात जे दोन पिढ्यांत घडले, ते तेथे एका पिढीत घडू पाहते.

सडपातळ दिसणाऱ्या देहातही मेद पोटाभोवती साठतो, म्हणून वजनकाट्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मी कंबरेच्या मापाला देईन. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. गावोगावची आशाताई तिशी ओलांडलेल्यांची जी तपासणी-यादी भरते, तीत वय, तंबाखू, मद्य आणि व्यायाम यांबरोबर कंबरेच्या मापालाही गुण आहेत, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला प्राधान्याने तपासणीस पाठवायचे असते. ही योजना उत्तम आहे. पण दिवसभर दुकानात, गोदामात, कचेरीत बसणारा पुरुष आशाताई दारी येते तेव्हा घरी नसतो. गोंदियाच्या बाजारपेठेत, मोंढ्यात आणि भात गिरण्यांच्या दिवाणजींपर्यंत कंबर मोजण्याची हीच फीत नेण्याची तजवीज नगरपरिषदेने आणि जिल्हा आरोग्य खात्याने मिळून करावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.