विश्लेषण : विंडोज ११ ने नाकारलेला जुना लॅपटॉप ‘लिनक्स मिंट’वर चालेल का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. चंद्रपूर-बल्लारपूरपासून आलापल्ली-भामरागडपर्यंत अनेक घरांत आणि छोट्या दुकानांत आजही आठ-दहा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप चालतात. त्यातील बरेचसे विंडोज ११ साठी अपात्र आहेत. नवा साधा लॅपटॉप घ्यायचा तरी तीस-चाळीस हजारांची तयारी हवी. अशा वेळी ‘लिनक्स मिंट’ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम रोजच्या कामाला कितपत पुरते, आणि ती कोणी टाळावी, याविषयी...

विंडोज १० बंद झाले म्हणजे नेमके काय?

लॅपटॉप बंद पडलेला नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो. फक्त नव्या त्रुटी सापडल्यावर त्या बुजवणारी मोफत सुरक्षा अपडेट्स आता आपोआप येत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स घेता येतात. पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ पूर्वी घेतलेली बहुतेक यंत्रे बाद. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि कागदपत्रांच्या प्रती आहेत, तो असाच असुरक्षित ठेवणे धोक्याचे आहे.

लिनक्स मिंट काय आहे?

हा लेख तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर लिनक्स आत्ताही तुमच्या हातात आहे. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, लिनक्सचाच आहे. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. या गाभ्याभोवती वेगवेगळ्या गटांनी संपूर्ण सिस्टीम उभारल्या. त्यांना ‘डिस्ट्रो’ म्हणतात. लिनक्स मिंट ही २००६ मध्ये क्लेमां लफेव्र यांनी सुरू केलेली, उबुंटूवर आधारलेली डिस्ट्रो. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली टास्कबार, फाइलींचे फोल्डर अशी मांडणी असल्याने विंडोजची सवय असलेला माणूस पहिल्याच दिवशी गोंधळत नाही. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत.

भारतात हा प्रयोग नवा नाही. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली आणली. केरळच्या सरकारी शाळांत तर अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवला जातो.

जुन्या यंत्रावर ती वेगाने चालते का?

किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते; निवांत वापरासाठी ४ जीबी रॅम हवी. प्रोसेसर ६४ बिटचा असावा. मिंटच्या तीन आवृत्त्या आहेत : सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई घ्यावी, ती सर्वांत हलकी आहे.

मात्र लिनक्स टाकले म्हणजे जादू होते, असे नाही. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले की ४ जीबीचे कोणतेही यंत्र धापा टाकणारच. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर मात्र वेगातला फरक लगेच जाणवतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात आणि धुळीत वापरलेल्या लॅपटॉपचा पंखाही एकदा साफ करून घ्यावा. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो.

काही न पुसता ती तपासता येते का?

येते, आणि मिंटची सर्वांत उपयोगी बाब हीच आहे. अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल घ्यायची. ‘रुफस’ किंवा ‘एचर’ या मोफत साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवायची. पेनड्राइव्हवरचे जुने सारे मात्र पुसले जाते. मग लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होत सहसा एफ१२, एचपीत एफ९, असुसमध्ये एस्केप.

मिंट थेट पेनड्राइव्हवरून सुरू होते. ‘इन्स्टॉल’ या चिन्हावर क्लिक करून पुढे जात नाही तोपर्यंत आतल्या विंडोजला आणि फायलींना धक्का लागत नाही. या अवस्थेत वेग थोडा कमी असतो, त्यावरून मत बनवू नये. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसच्या कळा आणि प्रिंटर हे सहा भाग तपासावेत. झाकण लावून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, तेही पाहावे. एखादा भाग इथे अडला, तर इन्स्टॉल केल्यावरही अडण्याची शक्यता असते.

नेटवर्क जेमतेम असेल तर?

एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील गावात ३ जीबीची फाइल उतरवणे म्हणजे दिवसभराचे काम. त्यामुळे चंद्रपूर, गडचिरोली किंवा तालुक्याच्या ठिकाणी जाणे होईल तेव्हा ती एकदाच उतरवून घ्यावी. एका पेनड्राइव्हवर कितीही लॅपटॉपवर मिंट टाकता येते. परवान्याची किंवा ‘की’ची गरज नाही. इन्स्टॉल करायला इंटरनेट अनिवार्य नाही. फायरफॉक्स ब्राउझर, लिबरऑफिस आणि व्हिडीओ प्लेयर सोबतच येतात.

काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः ब्रॉडकॉमची चिप असल्यास, वाय-फायसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. तेव्हा फोन यूएसबी वायरने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. बहुतेक वेळा नेट लगेच मिळते. सुरुवातीची अपडेट्स काही शे एमबींची असू शकतात. ती कधी घ्यायची हे आपण ठरवायचे असते, त्यामुळे महिन्याचा डेटा नकळत संपत नाही. वीज बेभरवशाची असेल तर लॅपटॉपची बॅटरी चांगली असतानाच इन्स्टॉलेशनला हात घालावा. मध्येच बंद पडले, तर जुनेही गेले आणि नवेही आले नाही, अशी गत होते.

मराठी आणि गोंडीचे काय?

मराठी युनिकोड व्यवस्थित दिसते. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट तसेच उच्चारानुसार चालणारे कळफलक जोडता येतात. खरी अडचण कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमधील फायलींची आहे. फॉन्ट मिंटमध्ये कॉपी केल्यास त्यातील अनेक फायली वाचता येतात. पण त्यांवर रोज काम करणाऱ्याने आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

गडचिरोलीसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गोंडीसाठीच्या मसराम लिपीचा २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीचा २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समावेश झाला. दोन्हींचे ‘नोटो’ फॉन्ट मोफत मिळतात आणि मिंटवर चालतात.

ग्रामसभेच्या कामाला उपयोग होईल?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे २००९ मध्ये देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी एक. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांकडे बांबू आणि तेंदूपानाच्या विक्रीचे, मजुरीचे व्यवहार आले. हे हिशेब लिबरऑफिसच्या ‘कॅल्क’मध्ये सहज ठेवता येतात आणि एक्सेलच्या स्वरूपात कोणालाही पाठवता येतात. वनहक्क क्षेत्राचे नकाशे पाहण्यासाठी आणि करण्यासाठी ‘क्यूजीआयएस’ हे मोफत सॉफ्टवेअरही मिंटवर चालते. तीन वर्षांचा हिशेब उघडण्यासाठी चोरटी प्रत किंवा संपलेला परवाना शोधत बसावे लागत नाही, ही लहान गोष्ट नाही.

कुठे अडते?

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी घाई करू नये. अंगठ्याच्या ठशाचे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांची सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज गृहीत धरून दिलेली असतात. टॅली, कोरल ड्रॉ, फोटोशॉप थेट चालत नाहीत. एमएस-सीआयटी किंवा शासकीय टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला सराव त्याच पद्धतीच्या यंत्रावर हवा. कॅननचे ‘कॅप्ट’ पद्धतीचे जुने लेझर प्रिंटर लिनक्सला जोडणे कटकटीचे असते. एचपीचे अनेक प्रिंटर मात्र सहज चालतात. गुंतागुंतीच्या वर्ड फाइलची मांडणी लिबरऑफिसमध्ये थोडी हलू शकते. अर्ज पाठवण्याआधी त्याची पीडीएफ करून पाहावी.

मग बदल करायचा का?

लॅपटॉपवर ब्राउझर, यूट्यूबवरील तासिका, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, पत्रे आणि हिशेब एवढेच होत असेल, तर मिंट पुरेशी आहे. एखादे काम विंडोजशिवाय अडत असेल, तर इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या सोबत’ हा पर्याय निवडून दोन्ही ठेवता येतात. ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, तर सर्व काही जाते. म्हणून फोटो, जातीचा दाखला, सातबारा, गुणपत्रिका यांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते का हेही पाहावे. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. इन्स्टॉल झाल्यावर ‘टाइमशिफ्ट’ सुरू करावे. अपडेटनंतर काही बिघडले तर सिस्टीम आधीच्या स्थितीत नेता येते.

आठवडाभर पेनड्राइव्हवरून आपली रोजची कामे करून पाहावीत. ती न अडता झाली, तर नव्या लॅपटॉपचा खर्च दोन-चार वर्षे पुढे ढकलता येईल. अडली, तर पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. आपले विंडोज होते तसेच असेल.