साखरेची वाळू करणारा पाला

समजा, कुणी तुमच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. तुम्ही ती तोंडात टाकलीत आणि ती चक्क वाळूसारखी कचकच लागली! मग पेढा खाल्लात, तर तोही नुसत्या पिठाच्या गोळ्यासारखा. तुम्ही म्हणाल, ‘‘साखरेत भेसळ दिसतेय!’’ छे! साखर अस्सल आहे. फसलीय ती तुमची जीभ.

ही जादू करणाऱ्या वेलीचं नाव गुडमार. गुड म्हणजे गूळ. गुळाची गोडी मारते ती गुडमार! मराठीत तिला ‘बेडकीचा पाला’ म्हणतात. सह्याद्रीच्या जंगलात ही वेल झाडाझुडपांवर चढते. तिची फुलं बारीक, पिवळी असतात आणि शेंगा शिंगासारख्या टोकदार. म्हणून संस्कृतात तिला ‘मेषशृंगी’, म्हणजे मेंढ्याचं शिंग, असं नाव मिळालं. पुण्यात मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत विचारलंत, तर तिचा वाळलेला पाला मिळतो.

ही जादू होते तरी कशी? आपल्या जिभेवर गोडी ओळखणारी जणू छोटी कुलपं असतात. साखरेची किल्ली त्यांत बसली की मेंदूला निरोप जातो, ‘गोड!’ गुडमारच्या पानातला एक पदार्थ या कुलपांना चिकटून बसतो आणि निरोप जातच नाही. उटीला काम करणाऱ्या डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने १८८७ साली तो पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव जिम्नेमिक आम्ल. अर्ध्या-पाऊण तासात त्याचा असर ओसरतो. तोवर मीठ खारट लागतं, चिंच आंबट लागते. गोडी तेवढी गायब! आणि गंमत म्हणजे, उंदराच्या जिभेवर ही जादू चालत नाही.

आता खरा मुद्दा ऐका. जीभ फसली, तरी पोट फसत नाही. वाळूसारखी लागलेली ती साखर पोटात जाते, पचते आणि रक्तात उतरते. रक्तातली साखर पेशींच्या आत जायला इन्सुलिन लागतं. ते आपलं स्वादुपिंड तयार करतं. मोठ्या माणसांच्या नेहमीच्या मधुमेहात इन्सुलिन असतं, पण ते नीट काम करत नाही किंवा पुरत नाही. लहान मुलांना होतो त्या मधुमेहात बहुधा ते जवळजवळ तयारच होत नाही. पूर्वी अशी मुलं फार दिवस जगत नसत. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडात टोरांटोला लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि चित्र पालटलं.

मग गुडमारचा काहीच उपयोग नाही का? तसं नाही. वैद्य पिढ्यान् पिढ्या ती मधुमेहात देत आले आहेत. १९९० साली छापून आलेल्या अभ्यासात मद्रासच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या माणसांच्या मधुमेहाच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर या पानांचा अर्क दिला. त्यांची साखर उतरली. इन्सुलिन घेणाऱ्या २७ जणांनाही तो दिला. त्यांचं इन्सुलिन कमी लागलं; पण सुटलं नाही! आणि २२ काय, २७ काय, म्हणजे तुमचा अर्धा वर्गसुद्धा नाही. एवढ्यावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

म्हणून तुमच्या एखाद्या मैत्रिणीला शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘कशाला गं रोज सुया टोचून घेतेस? पाला खा की!’’ तर तिला धीटपणे नाही म्हणायला सांगा. इन्सुलिन बंद केलं, तर थोड्याच दिवसांत तिच्या जिवावर बेतू शकतं. आजोबांच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाला घेऊ नये. दोन्हींनी मिळून साखर फार उतरली तर?

प्रयोग करायचाय? ज्यांना मधुमेहाचं औषध चालू नाही, त्यांनीच करा आणि घरच्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा. दुकानातून खात्रीने आणलेलं अर्धं पान मिनिटभर चावा. कडू आहे हं! थुंका, चूळ भरा आणि मग साखर चाखा. तळजाईच्या टेकडीवर दिसेल ती वेल मात्र चावू नका. गुडमार रुईच्या कुळातली आहे आणि त्या कुळात विषारी मंडळी बरीच आहेत.

जाता जाता एक लक्षात ठेवा. मधुमेह असलेला तुमचा मित्र अचानक थरथरू लागला, घामाघूम झाला, गोंधळला, तर त्याची साखर उतरली असेल. तो शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या आणि बाईंना हाक मारा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट डॉक्टरांना बोलवा. त्या वेळी साखर गोड लागते की नाही, याला महत्त्व नाही. जिभेला ती वाळू वाटली, तरी रक्तात ती साखरच असते!