गाडीच्या काचेवरचे पांढरे डाग

आज आपण बोलू गाडीच्या समोरच्या काचेबद्दल. तुम्ही म्हणाल, हा काय बायांचा विषय? पण आमच्या बचत गटाकडे भाजी नेणारी छोटी मालगाडी आहे आणि ती चालवते आमच्यातलीच एक ताई. म्हणून हा विषय आमच्या बैठकीत आला, तोही एक अपघात टळल्यावर.

एप्रिलमधली सकाळ होती. देवळीकडून वर्ध्याला भाजी निघाली होती. ऊन समोरून आलं आणि काचेवरचे पांढरे ठिपके असे चमकले, की रस्ताच दिसेना. सायकलवरची शाळकरी पोर अगदी जवळ आल्यावर दिसली. करकचून ब्रेक लागला. टमाट्याचे दोन कॅरेट सांडले, पण पोर वाचली.

चूक आमचीच होती. भर दुपारी बोअरच्या पाण्यानं गाडी धुवायची आणि उन्हातच वाळू द्यायची, हा आमचा रिवाज. डाग दिसले की साबण लावायचो. साबणानं ते निघत नव्हते. का बरं?

आपला भाग काळ्या पाषाणाचा. जमिनीत मुरणारं पाणी खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या गंजाच्या बुडाशी पांढरा थर बसतो. काचेवर तेच होतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तो डाग पाण्याचा नाही, चुन्यासारख्या थराचा आहे. साबण तेलकट मळ काढतो. चुन्याचा थर विरघळवायला आंबटच लागतं.

आता कृती ऐका. गाडी सावलीत उभी करा, काच थंड होऊ द्या. आधी भरपूर पाण्यानं धूळ काढा, नाहीतर तीच धूळ घासताना ओरखडे पाडते. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग पाणी मिसळा. व्हिनेगर नसेल तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर निंबूसत विरघळवा. जुनं सुती कापड त्यात भिजवून डागांवर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा. ते वाळू देऊ नका. नंतर मऊ कापडानं गोल गोल पुसा, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच कोरड्या कापडानं टिपा. थर जुना असेल तर हेच दोन-तीनदा करा. पत्र्यावर ओघळ आला तर तोही धुवा. हाताला चीर असेल तर हातमोजा घाला, आंबट झोंबतं.

राख, वाळू आणि तारेची घासणी काचेला लावू नका. संडास धुवायचं ॲसिड तर मुळीच नको. त्याची वाफ छातीत जाते, शिवाय पत्रा आणि रबर खराब होतं. उन्हात तापलेल्या काचेवर एकदम थंड पाणीही ओतू नका, काच तडकू शकते.

एवढं करून बोटाला काच गुळगुळीत लागते, तरी डाग दिसतोच? मग क्षारांनी काचच खाल्ली आहे. तिथं आंबटाचा उपयोग नाही. काच पॉलिश करणाऱ्या कारागिराला दाखवा. वायपरचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला.

तुमच्या गावचं पाणी किती जड आहे, हेही कळू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलीग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचं प्रशिक्षण देण्याचं ठरलेलं आहे. आपल्या ग्रामपंचायतीत विचारा, तो संच कुणाकडे आहे.

आम्ही आता गाडीत एक कोरडं सुती फडकं कायम ठेवतो. गाडी सकाळी किंवा सांजेला धुतो आणि काचेवर पाणी वाळायच्या आधी पुसतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण आपल्या ताईला समोरचा रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरचं कुणाचं तरी लेकरू सुखरूप घरी पोचतं. उद्या गाडी बाहेर काढण्याआधी तुमची काच एकदा उन्हाकडे करून बघा बरं!