काळी रेघ आणि सोनाराचा काटा

जानेवारीतली सकाळ, उणे वीस अंश, मिनेसोटातलं एखादं गोठलेलं तळं. स्नोमोबाइलचं डावीकडचं झाकण उघडून एक माणूस तिच्यापुढे गुडघे टेकून बसलाय. हातमोजा दातांत धरून त्याने खिशातला काळा मार्कर काढला आणि इंजिनावरच्या पुलीच्या चकचकीत उतारावर मध्यापासून कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली. झाकण लावलं, गाडी तळ्यावरून सुसाट पळवली, परत आला, पुन्हा झाकण उघडलं. रेघ पुसली गेली होती, पण पूर्ण नाही. कडेला बरंच काळं उरलं होतं.

उरलेल्या रेघेचा अर्थ एवढाच की पट्टा पुलीच्या कडेपर्यंत चढलाच नाही. आता हा माणूस घरी जाऊन गाडीचं गिअरिंग कमी करणार आहे. वेग वाढवायला गिअरिंग कमी! ऐकायला उलटं वाटतं, पण तिकडच्या गावांमधल्या पोरासोरांनाही ते ठाऊक असतं.

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रणगाड्यासारखा एक रुंद रबरी पट्टा. त्याला तिकडे ट्रॅक म्हणतात, आपणही तेच म्हणू, नाहीतर दोन पट्ट्यांचा घोळ होईल. तिची कुळकथा कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या वालकूर या गावाशी जाऊन पोचते. तिथल्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए या मेकॅनिकचा लहान मुलगा १९३४च्या हिवाळ्यात अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाखाली, दवाखाना दूर. बर्फावर चालणाऱ्या वाहनाच्या खटपटीत तो आधीपासून होताच, पुढे त्याने ती सोडली नाही. १९३७मध्ये ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचं पेटंट मिळालं आणि १९५९मध्ये एकट्यादुकट्याने चालवायची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली. त्याच दशकात मिनेसोटातल्या रोझो गावात पोलारिसची गाडी तयार झाली होती. पुढे शेजारच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये आर्क्टिक कॅट आली, जपानहून यामाहा आली. शर्यती सुरू झाल्या आणि इंजिनं वाढत गेली. आज ८५० सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन दीडशेच्या वर हॉर्सपॉवर देतं.

पण एवढी ताकद बर्फापर्यंत पोचवायला पायाखाली गिअर नाहीत. आहेत दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी व्ही आकाराचा एक रबरी पट्टा. हेच तत्त्व घेऊन हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८मध्ये व्हेरिओमॅटिक मोटार काढली. ती जेवढी पुढे पळायची तेवढीच मागेही, त्यामुळे डच लोकांनी तिच्या उलट्या शर्यती लावल्या. आपल्याकडे १९८०च्या दशकात पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर कायनेटिक होंडा काढली आणि ही यंत्रणा थेट वाड्यांच्या दारात येऊन उभी राहिली. आज रस्त्यावरच्या प्रत्येक गिअरलेस पेट्रोल स्कूटरमध्ये ती आहे.

माझी तिच्याशी ओळख अशीच झाली. घरची जुनी स्कूटर चाळीसच्या पुढे जाईना. एका गॅरेजवाल्याने ‘इंजिनाचा बोअर करावा लागेल’ म्हणून मोठा आकडा सांगितला. दुसऱ्याने डावं झाकण काढलं, व्हेरिएटर, म्हणजे पुढची पुली, उघडला आणि आतले सहा रोलर वर्तमानपत्रावर ओतले. “बघा काका, हे गोल राहिलेत का? बिस्किटं झालीत.” रोलर बदलले, गाडी पळाली. इंजिनाचा दोष नव्हताच. स्नोमोबाइलच्या दुनियेतली निम्मी भांडणं याच जातीची असतात.

स्कूटरमध्ये जिथे रोलर असतात, तिथे स्नोमोबाइलच्या पुढच्या पुलीत, म्हणजे प्रायमरी क्लचमध्ये, साधारणपणे तीन वक्र हात असतात. त्यांना वेट म्हणतात. गोफण फिरवताना दगड जसा बाहेर ओढतो, तसे पुली फिरली की हे हात बाहेर उघडू पाहतात आणि पुलीच्या दोन चकत्या एकमेकींकडे ढकलतात. मधली स्प्रिंग त्या चकत्यांना दूर ठेवायला बघते. इंजिन नुसतं धडधडत असताना स्प्रिंग जिंकते, पट्टा तळाशी ढिला पडून राहतो आणि गाडी जागेवर उभी. स्कूटरला मागच्या चाकापाशी क्लच-शू लागतात, इथे ते कामही ही पुलीच करते. साडेतीन-चार हजार आरपीएमला वेट स्प्रिंगवर मात करतात, चकत्या पट्टा चिमटीत धरतात आणि गाडी निघते. फेरे वाढतात तसा पट्टा पुढच्या पुलीवर वर चढतो आणि मागच्या पुलीत आत बुडतो. सुरुवातीला इंजिनाच्या जवळजवळ पावणेचार फेऱ्यांना मागच्या पुलीचा एक फेरा पडतो. पूर्ण चढल्यावर इंजिनाच्या एका फेऱ्याला मागची पुली सव्वा फेरा घेते. गिअरचे टप्पे नाहीत, नुसता सलग उतार.

टू-स्ट्रोक इंजिन फार लहरी. त्याची पुरी ताकद एका अरुंद पट्टीतच मिळते, समजा आठ हजार आरपीएमच्या आसपास. त्याच्या तीन-चारशे खाली गेलात की ते दमतं, वर गेलात की नुसतं किंचाळतं. म्हणून क्लच लावणाऱ्याचं ध्येय एकच. थ्रॉटल पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा आठ हजारांवर जावा आणि गाडी ताशी तीस किलोमीटरपासून दीडशेपर्यंत जाईपर्यंत तिथेच खिळून राहावा. मोटारसायकलवाल्याला हे विचित्र वाटेल. तिथे वेग वाढला की आवाज वाढतो. चांगल्या लावलेल्या स्नोमोबाइलचा आवाज मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत राहतो, तानपुऱ्यासारखा.

हा सूर लावायचा कसा? इथे सोनाराचा काटा लागतो, आणि हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा प्रत्येक जाणत्याच्या टेबलावर असतो. एका वेटचं वजन पन्नास-साठ ग्रॅम असतं. वजन वाढवलं की पट्टा लवकर वर ढकलला जातो आणि आरपीएम खाली येतं. कमी केलं की आरपीएम वर जातं. ढोबळ हिशोब असा, की प्रत्येक वेटला दोन ग्रॅमचा फरक केला तर काटा दोनेकशे आरपीएम हलतो. ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते (फेरे दुप्पट, ओढ चौपट), म्हणून एवढ्याशा वजनाचा एवढा दरारा. तिन्ही वेट तंतोतंत एका वजनाची हवीत, नाहीतर पुली थरथरते. स्की-डूच्या जुन्या क्लचवर वेट न बदलता थोडंफार जुळवून घेता यावं म्हणून सहा खुणांचे स्क्रू होते. एक खूण पुढे की सुमारे दोनशे आरपीएम वर. नवशिक्यांनी त्यांची केवढी फिरवाफिरव केली असेल!

पिकअप हवा म्हणून लोक आधी स्प्रिंग बदलतात. कडक स्प्रिंग टाकली की गाडी उशिरा, वरच्या आरपीएमला, हिसका देऊन सुटते. शर्यतीत ते ठीक. रानातल्या वाटेवर मात्र असली गाडी चालवणं म्हणजे दर वळणानंतर पाठीत बुक्की खाणं, आणि पट्टाही लवकर जळतो. माझ्या मते रोजच्या गाडीला कारखान्यातून आलेलीच सुटका, म्हणजे सुटण्याचं आरपीएम, बरी.

खरी गंमत मागच्या पुलीत आहे. बहुतेक लेख तिच्याबद्दल दोन ओळी लिहून पुढे जातात, म्हणून मी थोडा रेंगाळतो. मागच्या पुलीच्या पोटात एक तिरका कंगोरा असतो, त्याला हेलिक्स म्हणतात. पट्ट्याने पुली ओढली की तिची सरकती चकती या कंगोऱ्यावर पिळली जाते आणि पट्ट्यावर दाब देते. ओझं वाढलं, चढ लागला, मऊ बर्फ आलं, की पिळा वाढतो, दाब वाढतो आणि मागची पुली पट्टा आपल्याकडे वर खेचून घेते. म्हणजे गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये येते. पुढची पुली फक्त इंजिनाचे फेरे ओळखते, ओझं ओळखते ती मागची. दोघींची ही ओढाताण जुळली की आठ हजारांचा काटा हलत नाही.

कंगोऱ्याचा कोन बदलून हा दाब बदलता येतो. बारीक आट्यांचा स्क्रू जसा जास्त आवळतो, तसा छत्तीस अंशांचा हेलिक्स पट्टा जास्त आवळतो. चढताना आरपीएम वर धरून ठेवतो, आणि वळणावर थ्रॉटल सोडून पुन्हा दाबला की गाडी चटकन उसळते. चव्वेचाळीस अंशांचा हेलिक्स पट्ट्याला झरझर वर जाऊ देतो. ताकदवान इंजिन आणि टणक बर्फ असेल तर गाडी बंदुकीच्या गोळीसारखी जाते, ताकद कमी पडली तर आरपीएम कोसळतं. काही हेलिक्स दोन कोनांचे असतात. सुरुवातीला मोठा कोन, पुढे लहान. विस्कॉन्सिनच्या ओलाव आएन यांनी या सगळ्याचा हिशोब मांडून क्लच ट्यूनिंगवर हँडबुकच लिहिलं. तोवर ही विद्या गुरुमुखातूनच मिळायची आणि गुरू अर्धी राखून ठेवायचे.

आता गिअरिंग. मागच्या पुलीपुढे एका बंद पेटीत, तेलात बुडालेल्या साखळीवर दोन स्प्रॉकेट असतात. वरचा लहान, खालचा मोठा. समजा वर चोवीस दाते, खाली चाळीस. इंजिन आठ हजारांवर आणि दोन्ही पुल्या समान फिरताहेत, तर ट्रॅक ओढणाऱ्या धुऱ्याचे फेरे मिनिटाला चार हजार आठशे. त्या धुऱ्यावरचं आठ दात्यांचं चाक एका फेऱ्यात ट्रॅकला ५८ सेंटीमीटर पुढे ढकलत असेल, तर गणिताने वेग येतो ताशी १६७ किलोमीटर. बाकी सगळं तेच ठेवून डोंगरी गाडीसारखे वर एकोणीस आणि खाली पंचेचाळीस दाते लावले तर तोच आकडा ११८वर येतो.

इथेच माणसं फसतात. कागदावर मोठा आकडा दिसला की वरचा स्प्रॉकेट आणखी एका दात्याने मोठा करायचा मोह होतो. पण कागदावर बर्फ नसतं आणि वारा नसतो. मऊ बर्फातून एवढं लांब गिअरिंग ओढायला इंजिन पुरत नाही, पट्टा अर्ध्या वाटेत अडकतो, पुलीच्या खालच्या लहान घेरावर घसरतो, तापतो. तळ्यावरच्या माणसाची उरलेली काळी रेघ हेच सांगत होती. वरचा एक दाता कमी केला की गिअरिंग चारेक टक्क्यांनी आखूड होतं, पट्टा दोन्ही पुल्या समान फिरण्याच्या जागेपर्यंत चढतो, जिथे तो सगळ्यांत कमी ताकद वाया घालवतो. पिकअप तर वाढतोच, टॉप स्पीडही बहुधा जात नाही, कधीकधी दोन-तीनने वाढतो.

उंचीचा हिशोब वेगळाच. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. गुलमर्ग साधारण ८,७०० फुटांवर आहे, म्हणजे समुद्रसपाटीच्या मानाने चौथा हिस्सा गेलाच. तिथल्या भाड्याच्या स्नोमोबाइलवर बसून ‘अहो, ही पळत का नाही?’ असं विचारणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींनी एवढं लक्षात घ्यावं. कमजोर झालेल्या इंजिनाला समुद्रकाठची जड वेट झेपत नाहीत. म्हणून उंचावर जाताना वेट हलकी करायची आणि गिअरिंग आखूड. कंपन्या उंचीप्रमाणे वेट, स्प्रिंग, हेलिक्सचा तक्ताच देतात. गेल्या काही वर्षांत काही डोंगरी टू-स्ट्रोक गाड्यांना कारखान्यातूनच टर्बो बसवून येऊ लागला, तेव्हापासून या तक्त्यांचा दरारा थोडा कमी झालाय.

या साऱ्याच्या आधी करायचं काम मात्र कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही. पट्टा झिजून अरुंद झालाय का ते मोजणं, दोन पुल्या एका रेषेत आहेत का पाहणं, चकत्यांवरची काळी भुकटी पुसणं. पट्टा मिलिमीटर-दोन मिलिमीटर झिजला तरी सुटकाच बिघडते, मग माणूस उगाच वेट बदलत बसतो. उष्णतेची परीक्षा हाताने होते. पाच-सहा किलोमीटर जोरात पळवून इंजिन बंद करायचं, सगळं फिरायचं थांबलं की झाकण उघडून पुल्यांवर तळवा ठेवायचा. ठेवता आला तर ठीक. चटका बसला तर तिथे पट्टा घसरतोय, म्हणजे वेग उष्णतेत जातोय. इंजिन चालू असताना झाकण कधीही उघडू नये. आठ हजार फेऱ्यांवर तुटलेला पट्टा किंवा फुटलेली पुली माणसाला ओळखत नाही.

एवढं बर्फाचं सांगितलं, पण क्लचचे खरे पंडित भेटतात ते गवतावर. सप्टेंबरात मिनेसोटातल्या नॉर्थ ब्रांच गावी ‘हे डेज’ नावाचा मेळा भरतो आणि तिथे स्नोमोबाइलच्या शर्यती हिरव्या माळावर, पाचशे फुटांच्या पट्टीत होतात. बर्फ नाही, म्हणजे इंजिन थंड करणारं ट्रॅकखालचं बर्फही नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडीला बर्फाच्या पाण्याच्या गाड्याची नळी लावून गार करतात. गवतावरची पकड घट्ट, शर्यत काही सेकंदांची, त्यामुळे वेट, स्प्रिंग, हेलिक्स, दाते सगळंच वेगळं. एकेका फेरीनंतर ग्रॅमभर काढा-घालायचं आणि वहीत टिपायचं: तापमान, आरपीएम, कोणतं वेट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कुणामुळे काय झालं ते कळत नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या दारात स्नोमोबाइल नसणार, स्कूटर असेल. तिचा पिकअप गेला आणि कुणी बोअरचा खर्च सांगितला, तर आधी डावं झाकण उघडायला लावा आणि रोलर स्वतःच्या हातात घेऊन बघा.