शून्याचा जमाखर्च

‘निव्वळ शून्य उत्सर्जन’ हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार कानी पडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० सालापर्यंत निव्वळ शून्य गाठण्याचा संकल्प जाहीर केला. मुंबईच्या २०२२ च्या हवामान आराखड्यात २०५० हे साल धरले आहे, तर भारतीय रेल्वेने २०३० चे लक्ष्य जाहीर केले आहे. शब्द एकच, परंतु साले निराळी. आणि बारकाईने पाहिल्यास अर्थही निराळे. हा फरक ध्यानात आणून घेण्यास उज्जयिनीचा रामघाट हे सोयीचे स्थळ आहे. महाराष्ट्रीयांना ही नगरी परकी नाही. शिंद्यांची ती राजधानी होती, आणि महाकाळेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात केला.

प्रथम मूळ कल्पना पाहू. वातावरण हा एक मोठा हौद आहे असे मानावे. त्यात कर्बवायूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची, धार सतत पडत असते. झाडे, माती व समुद्र त्यातील काही भाग शोषून घेतात. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. माणसाने हवेत सोडलेला वायू आणि माणसाच्याच प्रयत्नाने हवेतून काढून घेतलेला वायू सारखा होणे, याला निव्वळ शून्य म्हणतात. धूर मुळीच निघत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

आता रामघाटावर यावे. सायंकाळी क्षिप्रेची आरती होते, द्रोणांतून दिवे सोडले जातात. दिव्यातील तूप वा तेल शेवटी गवतापासून किंवा बियांपासून आलेले असते. त्या वनस्पतींनी तो कर्ब थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला होता. ज्योत तो परत करते. चक्रतीर्थावरील चितेच्या लाकडासही हाच न्याय लागू पडतो, पण एका अटीवर. तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढले पाहिजे. न वाढल्यास ती उसनवारी फिटत नाही. दगडी कोळशाची गोष्ट अगदी वेगळी आहे. कोट्यवधी वर्षे भूमीत गाडलेला कर्ब तो एका दिवसात वर आणतो, आणि तो परत घेण्यास तेवढे रान कोठेही तयार नसते.

आणि हा कोळसा घाटावर दिसत नसला, तरी तेथे तो असतो. क्षिप्रेचा स्वतःचा प्रवाह उन्हाळ्यात क्षीण होतो. म्हणून २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोडयोजना सुरू झाली. ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी नळांतून, पंपांनी सुमारे ३५० मीटर उंच चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडले जाते. २०१६ च्या सिंहस्थात लाखो यात्रेकरूंना स्नान घडले ते या पाण्यामुळे. एक हजार लिटर पाणी एवढे उंच चढविण्यास, यंत्रातील व नळांतील घट धरून, सव्वा ते दीड युनिट वीज लागते. देशातील सरासरी एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू निघतो. म्हणजे हजार लिटरमागे साधारण एक किलो. योजना सेकंदाला ५ घनमीटर पाण्याची आहे. ती पूर्ण शक्तीने चालल्यास तासाला सुमारे १८ टन होतात.

हे १८ टन कोणाच्या खाती मांडावयाचे? घाटाचा हिशेब घाटावरील धुरापुरता ठेवला, तर ते कोठेच दिसणार नाहीत. विकत घेतलेल्या विजेचा धूरही धरला, तर ते दिसतील. यात्रेकरूंच्या मोटारी व आगगाड्या, घाटाचे सिमेंट हेही धरले, तर आकडा आणखी फुगेल. कारखान्यांच्या हिशेबातही अशीच तीन वर्तुळे असतात, आणि सोयीचे वर्तुळ निवडले की शून्य लवकर गाठता येते.

इमारतीच्या बाबतीत हा शब्द बहुधा विजेपुरता असतो. दिल्लीचे इंदिरा पर्यावरण भवन वर्षाला लागेल तेवढी वीज छतावरील सौरपट्ट्यांतून मिळविण्याच्या हेतूने बांधले गेले. त्याच्या विटा-सिमेंटाचा धूर त्या हिशेबात येत नाही. एखादी कंपनी इतरत्र झाडे लावण्याचे दाखले विकत घेऊन स्वतःस ‘कर्बतटस्थ’ म्हणविते. परंतु ती झाडे उद्या वणव्यात जळाली, तर दाखल्यातील कर्ब पुन्हा हवेत जातो. देशाचा हिशेब त्याच्या भूमीपुरता असतो. परदेशांतून आलेल्या मालाचा धूर परक्यांच्या वहीत राहतो. साऱ्या पृथ्वीचा हिशेब मात्र एकाच वहीत आहे. तेथे खर्च ढकलावयास शेजारी नाही. तापमानवाढ दीड अंशावर रोखावयाची, तर कर्बवायूचे जागतिक शून्य २०५० च्या सुमारास यावे लागेल, असे हवामानशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१८ मध्ये सांगितले.

मग भारताने २०७० का म्हणावे? येथे दरमाणशी वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू निघतो, अमेरिकेत सुमारे १४ टन. ज्यांनी हौद भरला त्यांनी धार आधी बंद करावी, हे म्हणणे न्यायाचे आहे. परंतु उन्हाची लाट येते, पाऊस ताळ सोडतो, तेव्हा माळव्यातील शेतकऱ्याला तो न्याय वाचवीत नाही. नदी आटते, पंप अधिक चालतात, आणि धूर आणखी वाढतो.

पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगत्या सौरपट्ट्यांतून वीज मिळू लागली आहे. पंपांना अशी वीज मिळाली तर १८ टनांचा आकडा खाली येईल. त्याहून चांगला मार्ग म्हणजे क्षिप्रेच्या पाणलोटात पाणी मुरविणे, काठची झाडी राखणे व कान्ह नदीतून येणारे सांडपाणी रोखणे, म्हणजे बाहेरचे पाणीच कमी लागेल. आधी खर्च घटवावा, उरलेल्याचीच भरपाई शोधावी, हा सावध गृहस्थाचा नियम येथेही खरा आहे. म्हणून कोणी शून्याची घोषणा केली, की तीन गोष्टी विचाराव्यात: हिशेब कोणाचा, त्यातून काय वगळले, आणि उरलेला धूर कोण शोषणार? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तरच ते शून्य खरे मानावे.