वाढप्याचें वेतन

आमच्या जळगांवाकडील खानावळींत वाढपी चांगला कीं वाईट, हें आग्रहावरून ठरे. 'नको, नको' म्हणत पानावर हात आडवा धरला तरी जो त्याखालून भरीत वाढी, तो उत्तम! हीच पारख घेऊन मी अमेरिकेंत चिरंजीवांकडे गेलों. तेथें एका उपाहारगृहांत त्यानें बिलावर शेंकडा १८ जास्त रक्कम वाढणाऱ्या तरुणीसाठीं ठेविलेली पाहून मी त्यास चारचौघांत रागें भरलों. घरीं आल्यावर त्यानें समजाविलें. बक्षिसी मिळविणाऱ्या नोकरास मालकानें द्यावयाचें किमान वेतन तिकडील मध्यवर्ती कायद्यानें ताशीं २.१३ डॉलर आहे, व १९९१ पासून तें वाढलेलें नाहीं. कांहीं राज्यांत अधिक मिळतें. बक्षिसी धरूनही ७.२५ डॉलर न भरल्यास तूट मालकानें सोसावी, असाही नियम आहे. पण एकंदरींत पोट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर! जपानांत बक्षिसीची चालच नाहीं म्हणे.

मी निरुत्तर झालों. धुळ्यास शिक्षक असतांना सात वर्षें ज्याच्या हातचें जेवलों, त्या वाढप्यास पगार काय मिळतो, हें मीं कधीं विचारलें नाहीं. आग्रह मात्र रोज करवून घेतला. त्याचें नांवही आज स्मरत नाहीं; आमटीच्या बादलीनें भाजलेला उजवा आंगठा तेवढा आठवतो.